राणीने खलिते लिहिले होते

ऐतिहासिक सिनेमा आपटला की खापर प्रेक्षकांवर फुटतं. म्हणे लोकांना इतिहास नको, नाचगाणी हवीत. नागपुरातल्या सदरच्या लिबर्टी-स्मृती टॉकीजमध्ये सिनेमे बघून मोठ्या झालेल्या माणसाला हे काही पटत नाही.

सोहराब मोदींचा 1953चा ‘झांसी की रानी’ घ्या. नवलाईचा टेक्निकलर, कॅमेऱ्यामागे ‘गॉन विथ द विंड’वाला अर्नेस्ट हॅलर, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. पैसा पाण्यासारखा ओतला आणि सिनेमा पडला. मेहताब राणी म्हणून थोराड वाटतात, हे खरंच. पण खरी खोट पटकथेत आहे. राजगुरू (स्वतः मोदी) मनूला, म्हणजे पुढच्या राणीला, लहानपणापासूनच इतिहास घडवायला तयार करतात. मग राणीला विचार असा कधी करावाच लागत नाही.

विलायतेतही हेच. 1745च्या स्कॉटिश बंडावरचा ‘बॉनी प्रिन्स चार्ली’ 1948मध्ये आला, तोही टेक्निकलर, तोही सपशेल पडलेला. डेव्हिड निव्हनसारखा नट, पण लक्षात राहतो तो कपडेपट.

खऱ्या लक्ष्मीबाईंनी आधी कागद लढवले. 1853च्या नोव्हेंबरात त्यांचे पती गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला, गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारला. बाईंनी खलिते धाडले, जॉन लँग नावाचा वकील बोलावला. राज्याच्या बदल्यात मिळालं काय, तर महिना पाच हजारांची पेन्शन. जून 1857मध्ये झाशीत बंड झाल्यावरही त्या जबलपूरचा कमिशनर अर्स्किन याला लिहीत होत्या आणि त्यानेच त्यांना झाशीचा कारभार बघायला सांगितलं होतं. तलवार उपसण्याआधीची ही घालमेल म्हणजे अख्खा सिनेमा आहे, राव!

आपल्याकडेही तेच घडलं. 1853च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले, 1854मध्ये नागपूर खालसा झालं, भोसल्यांचं जडजवाहीर लिलावात गेलं. 1857च्या जूनमध्ये सदरला लागून असलेल्या टाकळीत घोडदळाचा कट शिजला, पण फुटला. म्होरके सीताबर्डीच्या किल्ल्यावर फासावर गेले. आणि भोसल्यांच्या राजवाड्यातल्या वृद्ध राणी बाकाबाई? त्यांनी इंग्रजांची बाजू धरली. का धरली, याचं उत्तर ‘फितूर’ म्हणून मोकळं होण्याइतकं सोपं नाही.

हत्ती-तोफांशिवायही जमतं: मोदींनीच पुढच्या वर्षी ‘मिर्झा ग़ालिब’ काढला. ना हत्ती, ना तोफा, नुसता कर्जबाजारी शायर. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

तेव्हा निर्मातेहो, आणखी एक भगवा फेटा आणि स्लो मोशनमधला घोडा नको. बाकाबाईंवर सिनेमा काढा. पहिल्या दिवशीचा पहिला शो, माझं तिकीट पक्कं.

— सदरकर