मामूंची उघाडी

गडबला मामूंकडे गेलो की गप्पा खाडीवर आल्याशिवाय राहत नाहीत. दम्मामला सत्तावीस वर्षं काढून मामू आता कायमचे घरी आलेत. त्या दिवशी ते खारभूमीचे जुने दिवस सांगत होते. उधाणाला बांध कसा फुटायचा, अख्खं गाव रात्री माती घेऊन कसं धावायचं. बोलता बोलता अडले. ‘‘पाणी सोडायचं ते... दरवाजासारखं... अरे, क्या बोलते उसको...’’ उघाडी हा शब्द त्यांना सापडेना. लहानपणी ज्या उघाडीवर त्यांनी मासे धरले, तिचंच नाव! आमच्यातला एक धाकटा भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही पक्के शेख झालात.’’ सगळे हसले, आम्हीही हसलो. मामूही हसले, पण जेवण आटपेपर्यंत मग हिंदीतच बोलत राहिले.

ते हसणं आम्हाला नंतर बोचलं. कारण मामूंच्या डोक्यात जे घडलं ते मोठेपणी दुसरी भाषा वापरणाऱ्या कुणाच्याही डोक्यात घडतं. दोन भाषा म्हणजे कुलूप लावलेल्या दोन खोल्या नव्हेत. एक बोलताना दुसरीही जागीच असते, तिला दाबून धरावं लागतं. वर्षानुवर्षं दाबलेला शब्द हरवत नाही, हाक मारल्यावर उशिरा येतो, एवढंच. उच्चार तर त्याहून लवकर हलतात. चार्ल्स चँग या भाषाशास्त्रज्ञाने कोरियन शिकायला बसलेल्या प्रौढ अमेरिकनांचं बोलणं तपासलं. सहा आठवड्यांच्या वर्गातच त्यांचे इंग्रजी उच्चार बदलू लागले होते! मग सत्तावीस वर्षांचं काय घेऊन बसलात?

शब्दांपेक्षा वाक्याची घडण गुपचूप बदलते. मामू ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’ म्हणतात. ती हिंदी वाक्याची चाल आहे. आणि खरं सांगायचं तर गल्फ न पाहिलेली आमची मुलंही तसंच बोलतात. नागपूरकडचे लोक ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतात, तेही याच नात्याचं. देवाणघेवाण एकतर्फी नसते. दखनीतला ‘ऐसाच’मधला ‘च’ मराठीने दिलेला आहे. खाडीतल्या अरबांच्या बोलीत सरळ जा म्हणायला ‘सीदा’ म्हणतात, तो आपल्याकडच्या माणसांबरोबर गेलेला शब्द. मामूंच्या ‘खल्लास’ला मुलं हसतात. पण आमच्या नानी कधी रोह्याबाहेर गेल्या नाहीत, तरी पीठ संपलं की ‘खलास’च म्हणायच्या. शब्द अरबीच, फक्त काही शतकं आधी आलेला.

तेव्हा मामूंच्या मराठीची काळजी नको. बाविसाव्या वर्षी घर सोडलेल्या माणसाचं व्याकरण सहसा टिकतं. काळजी दम्मामला वाढणाऱ्या नातवंडांची करायला हवी. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना मोठेपणी पॅरिसच्या संशोधकांनी तपासलं. २००३ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला: आपल्या जन्मभाषेतली वाक्यं त्यांना ओळखताही येत नव्हती. लहान वयात भाषा अशी पुसली जाते.

मोठ्यांची भाषा मात्र वेगळ्या कारणाने तुटते. मोनिका श्मिड यांनी ड्युसेलडॉर्फहून नाझी काळात परदेशी गेलेल्या ज्यूंच्या जर्मन भाषेतल्या मुलाखती अभ्यासल्या. देश सोडून किती वर्षं झाली, यापेक्षा ते केव्हा निघाले यावर जास्त अवलंबून होतं. नोव्हेंबर १९३८च्या हिंसाचारानंतर निघालेल्यांची जर्मन सर्वांत जास्त विस्कटलेली होती. ज्या भाषेतून अपमान झाला, ती जिभेवर ठेवावीशी वाटली नाही.

हे वाचताना आम्हाला ती नेहमीची शाबासकी आठवली: ‘‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता हो!’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण पेण-रोह्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला हे ऐकवल्यावर तो पुढच्या वेळी हिंदीतून सुरुवात करतो. बाहेरच्यांनी केलेलं कौतुक आणि घरच्यांनी केलेली थट्टा, दोन्हींचा परिणाम एकच झाला, आणि दुसऱ्यात आमचाही हात होता.

पुढच्या खेपेला भाच्याने स्वतःहून विचारलं, ‘‘मामू, उघाडी नेमकी कशी असते?’’ मामू दोन मिनिटं मराठीत बोलले, मग हिंदीत गेले, मग परत आले. कुणी मध्ये शब्द पुरवला नाही. भरतीच्या दाबाने झडप कशी मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला कसं ढकलून बाहेर पडतं, हे हातांनी दाखवून झाल्यावर म्हणाले, ‘‘नुसतं सांगून कळायचं नाय. अमावास्येला या, उधाण उतरताना दाखवतो.’’

भाच्याने मोबाइलमध्ये तारीख टिपून घेतली आहे.