पस्तिशीचा आकडा आणि फडावरची बाई

डाऊन सिंड्रोम असलेले बाळ जन्मले की दोन निकाल लगेच लागतात. घरचे म्हणतात, मागच्या जन्माचे पाप. शिकलेले म्हणतात, आईचे वय झाले होते. दोन्हीकडे आरोपी बाईच!

पहिला निकाल आम्ही ओळखतो. गतजन्मीच्या कर्माचा जो सिद्धांत आमच्या अस्पृश्यतेचे समर्थन करत होता, तोच या लेकरांना पापाचे फळ ठरवतो. बाबासाहेबांनी तो नाकारला. या बाळात 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे 1959 मध्येच सिद्ध झाले आहे.

दुसरा निकाल अर्धसत्य आहे. आईच्या पंचविशीत साधारण 1250 बाळांमागे एक, पस्तिशीत 350 मागे एक, चाळिशीत 100 मागे एक, असा धोका वाढतो हे खरे. पण बहुतेक बाळंतपणे पस्तिशीच्या आत होतात. म्हणून अशी जास्त बाळे तरुण आयांच्याच पोटी येतात. मग फक्त वयाकडे बोट का?

प्रश्न वयाचा नाही, वेळेचा आणि पैशाचा आहे. डबल मार्कर आणि एनटी सोनोग्राफी 11 ते 13 आठवड्यांत करायची असते. त्यातून फक्त धोका कळतो. खात्री पुढच्या तपासणीने होते. पैसेवाली बाई खासगी लॅबमध्ये हे करून घेते. पैठण-कन्नडची ऊसतोड करणारी बाई तेव्हा फडावर कोयता चालवत असते. घाटीच्या रांगेत ती पोहोचते तेव्हा ते आठवडे उलटलेले असतात.

उशिराची किंमत काय? 2017 मध्ये महाराष्ट्रातील 37 वर्षांच्या गर्भवतीला, गर्भाला डाऊन सिंड्रोम असताना, 26व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. 2021 च्या दुरुस्तीने गंभीर व्यंग असल्यास 24 आठवड्यांनंतरही वाट उघडली, पण वैद्यकीय मंडळाच्या दारातून. त्या दारापर्यंत फडावरची बाई कशी जाणार?

1938 मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो बाईच्या देहावर बाईचा हक्क मानूनच.

म्हणून आमची मागणी: ही चाचणी प्रत्येक गर्भवतीला, कुठल्याही वयात, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत आणि वेळेत मिळावी. माहिती सरकारने द्यावी, निर्णय बाईने घ्यावा. तिने बाळ जन्माला घालायचे ठरवले तर त्याच्या उपचाराची, शाळेची जबाबदारीही सरकारचीच. कारण ते लेकरू पाप नाही, नागरिक आहे.

जय भीम!