काथ्याकूट

निष्फळ चर्चेला मराठीत ‘काथ्याकूट’ म्हणतात. हा शब्द मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे. पण ज्याने तो रूढ केला त्याने स्वतः काथ्या कधी कुटला नसावा, अशी शंका मला हल्ली येऊ लागली आहे. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवावीत, मग ती कुटावीत, तेव्हा कुठे आतला धागा मोकळा होतो. त्या कुटण्याला निष्फळ कसे म्हणावे?

शंकेचे निमित्त घरगुती आहे. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराचे लाकडी दार खालून कुजले. दुकानदाराने एक नवेच दार पुढे केले. ‘‘सर, हे ताग आणि काथ्याचे. राळेत बसवलेले. कुजण्याचे नाव काढणार नाही!’’ मी खूश झालो. पत्नी मात्र म्हणाली, ‘‘अहो, पण तागाचे पोते भिजतेच की!’’

हा प्रश्न घेऊन मी आमच्या कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे: अशा फळीत मुख्यतः ताण सोसतो तो धागा. राळ धाग्यांना जागच्या जागी धरते आणि एकावरचा भार दुसऱ्याकडे पोचवते. धाग्याच्या दिशेने ओढली तर फळी बळकट. आडवी ओढली तर सारी भिस्त राळेवर आणि तिच्या पकडीवर. म्हणून थर उभे-आडवे रचतात.

धाग्याधाग्यांतही स्वभावभेद आहेत. काचेच्या धाग्याची घनता पाण्याच्या सुमारे २.५ पट, तर जवसाच्या ताटापासून काढलेल्या धाग्याची सुमारे १.५ पट. त्यामुळे जवसाचा चांगला धागा वजनाच्या मानाने ताठपणात काचेच्या पंक्तीला बसतो. काथ्याचे तसे नाही. त्याच्यातले सूक्ष्म तंतू स्प्रिंगसारखे बरेच तिरके गुंडाळलेले असतात. म्हणून तो ताठ नाही. पण जवसाचा धागा शेकडा २-३ ताणला की तुटतो, तिथे काथ्या शेकडा १५ हूनही अधिक ताणतो. एकाचा गुण ताठपणा, दुसऱ्याचा सोशिकपणा.

‘‘आणि पोत्याचे काय?’’ मी विचारले.

बाई हसल्या. ‘‘वहिनींनी नेमके दुखणे ओळखले!’’

धाग्याला पाण्याची ओढ, राळेला पाण्याचा तिटकारा. दोघांचे सहजासहजी जमत नाही. म्हणून पुष्कळदा धागा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात. वरचे मेण निघते, अंग खरखरीत होते आणि राळ त्याला घट्ट धरते. ही पकड कच्ची राहिली तर धागा कितीही बळकट असो, भार आला की तो राळेतून निसटतो. पाण्याला वाट मिळते ती विशेषतः कापलेल्या कडेतून. धागे फुगतात, वाळले की आकसतात आणि पकड ढिली होते. तेव्हा सुताराने दार खालून तासले किंवा बिजागरीसाठी खाच पाडली, तर ती उघडी कड त्याच दिवशी राळेने वा रंगाने बंद करून घ्यावी.

बळकटीविषयी शंका असेल त्यांनी पूर्व जर्मनीची ट्राबांट मोटार आठवावी. १९५७ ते १९९१ या काळात अशा सुमारे ३० लाख गाड्या तयार झाल्या. सांगाडा पोलादी, पण अंगावरचे बरेचसे ‘पत्रे’ कापसाच्या टाकाऊ धाग्यांचे आणि फिनॉलच्या राळेचे होते. ते गंजत नसत. पुढे गाड्या मोडीत निघाल्या तेव्हा मात्र अडचण आली. ते पत्रे लोखंडासारखे वितळवता येत नव्हते. नुसता कापूस मातीत मिसळून गेला असता. राळेने त्याला सोडले नाही. जिच्यामुळे बळ आले, तीच पकड सुटेना.

म्हणून दारावर ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी दिसली, की आम्हा व्याकरणवाल्यांचा एक प्रश्न अवश्य विचारावा: हे विशेषण कोणाचे? धाग्याचे की अख्ख्या दाराचे? मग राळ कोणती, धागा किती, कड कशाने बंद करायची, हेही विचारावे. दुकानदार कंटाळेल. काय हा काथ्याकूट, असेही म्हणेल. खुशाल म्हणू द्यावे. कुटल्यावाचून काथ्याचा धागा हाती लागत नाही.