रेषेबाहेरचे तिघे



आमच्या टपालात कधी कधी असे एखादे पत्र येते की, त्याचे उत्तर एकट्या पत्रलेखकास धाडून आमचे समाधान होत नाही; ते चार घरांत वाचले जावे असे वाटते. दोन वर्षांपूर्वी आयर्लंडहून आम्हांस असेच एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ मूळचे आपल्याच सीमाभागातले. त्यांच्या पत्नी तिकडे इस्पितळात परिचारिका आहेत आणि हे कुटुंब गेली पंधरा-सोळा वर्षे तेथील एका खेड्यात राहत आहे. पत्राविषयी लिहिण्यास त्यांची व त्यांच्या मुलाचीही अनुमती आहे. नावगाव मात्र आम्ही वगळले आहे.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा होता: "फादर, येथील धर्मग्रामाच्या क्लबाने मला पंधरा वर्षांखालील मुलांच्या गेलिक फुटबॉल संघाचा निवडकर्ता नेमले आहे. संघाचे मॅनेजर माझे शेजारी आहेत आणि दुसरे निवडकर्ते एक शिक्षक आहेत. माझा मुलगाही याच संघात आहे. येत्या रविवारच्या सामन्यासाठी मॅनेजरांनी पंधरा जणांची यादी काढली, तीत त्याचे नाव आहे. पण त्याच जागेवर खेळणारा दुसरा एक मुलगा त्याच्याहून सरस आहे, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. त्या मुलाच्या घरी गाई आहेत; संध्याकाळी धारा काढण्यास वडिलांना मदत करावी लागते म्हणून त्याचा सराव बुडतो. मी बोललो तर माझा मुलगा बाहेर बसेल. गप्प राहिलो तर मला कोणी दोष देणार नाही. मी काय करावे?"

उत्तराकडे वळण्यापूर्वी हा खेळ कोणता आणि निवडकर्ता म्हणजे कोण, हे सांगणे अवश्य आहे. कारण आपल्या माळावर मुले खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात: एक गोलरक्षक, सहा बचावाचे, दोन मधले आणि सहा चढाईचे. चेंडू हातात धरता येतो, मुठीने टोलवता येतो आणि लाथाडताही येतो. दोन उंच खांबांमध्ये एक आडवी दांडी असते. तिच्याखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. २०२५ सालापासून चाळीस मीटरांच्या कमानीबाहेरून दांडीवर मारलेल्या चेंडूस दोन गुण मिळू लागले आहेत.

हा खेळ चालविणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी स्थापन झाली. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे तिचे पहिले आश्रयदाते. डब्लिनमधील ज्या मैदानावर अंतिम सामने होतात, आणि जेथे ऐंशी हजारांहून अधिक माणसे बसतात, ते १९१३ पासून त्यांच्याच नावाने क्रोक पार्क म्हणून ओळखले जाते. या खेळाचा मूळ घटक म्हणजे क्लब, आणि ग्रामीण भागात क्लब म्हणजे बहुधा एक धर्मग्राम. त्याच्या वर काउंट्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे बत्तीस विभाग. खेळाडूंस वेतन नसते. रविवारी ऐंशी हजार लोकांपुढे खेळलेला तरुण सोमवारी सकाळी आपल्या शाळेत शिकवावयास अथवा शेतावर राबावयास जातो.

निवडकर्त्याचे काम जड होते ते यामुळेच. ज्यास त्याने वगळले, तो त्यास मिस्सेला भेटतो, वाण्याच्या दुकानात भेटतो, मयताच्या घरीही भेटतो. क्रिकेटची निवड समिती आपण जाणतो. ती संघ निवडते आणि मग मैदानातली सूत्रे दुसऱ्याच्या हाती देते. गेलिक फुटबॉलचा निवडकर्ता नावे देऊन घरी जात नाही. सामन्याच्या दिवशी तो मॅनेजरच्या बरोबरीने मैदानाच्या रेषेबाहेर उभा असतो. सामान्यतः एकाने बचावाकडे लक्ष ठेवावे, दुसऱ्याने चढाईकडे, अशी वाटणी असते. कोण दमला, कोणाच्या हातून चेंडू वारंवार निसटतो, कोणास प्रतिपक्षाचा गडी भारी पडतो आहे, हे तो टिपतो. मध्यंतरात मॅनेजर खेळाडूंशी बोलण्यापूर्वी हे दोघे-तिघे क्षणभर बाजूस होतात; मॅनेजरच्या नजरेतून निसटलेले त्यास तेथे कळते. अखेरचा शब्द मॅनेजरचा. परंतु तो शब्द उच्चारण्यापूर्वी त्याच्या कानी काय पडले, हे निवडकर्त्यांच्या हाती.

पूर्वी असे नव्हते. मॅनेजर ही व्यक्ती या खेळात तशी अलीकडची. त्याआधी संघ निवडीत असे ती समिती. केरी काउंटीचे डॉ. एमन ओसलिव्हन हे किलार्नीच्या मनोरुग्णालयातील डॉक्टर. त्यांनी तयार केलेल्या संघांनी १९२४ ते १९६२ या काळात आठ वेळा अखिल आयर्लंडचे विजेतेपद मिळविले. पण ते प्रशिक्षक होते. खेळाडूंची शरीरे व मने घडविणे हे त्यांचे काम, निवड हे समितीचे. बऱ्याच काउंट्यांत ही समिती मोठी असे आणि तीत निरनिराळ्या क्लबांची माणसे बसत. मग तुमचा एक घ्या, आमचा एक घ्या, असा देवघेवीचा व्यवहार चाले. संघ हरला तर कोणी चुकले हे कोणासच सांगता येत नसे. कारण चूक सर्वांची, म्हणजे कोणाचीच नव्हे.

१९७३ च्या अखेरीस डब्लिनने हे बदलले. १९५८ च्या विजेत्या संघाचे कर्णधार केव्हिन हेफर्नन यांच्या हाती संघ सोपविण्यात आला आणि त्यांच्या जोडीस दोनच निवडकर्ते देण्यात आले: डोनल कोल्फर आणि लॉर्कन रेडमंड. खेळातून निवृत्त झालेल्या जिमी कीव्हनी यांस या तिघांच्या कारकिर्दीत पुन्हा संघात आणले गेले. १९६३ नंतर विजेतेपद न पाहिलेल्या डब्लिनने १९७४ साली गॉलवेला हरवून ते जिंकले. पुढच्याच वर्षी मिक ओड्वायर यांनी केरीचा संघ हाती घेतला आणि १९७५ ते १९८६ या काळात आठ विजेतेपदे मिळविली. तेव्हापासून मॅनेजर हा या खेळाचा केंद्रबिंदू झाला. निवडकर्ते राहिले, पण त्यांचे नाते पालटले. पूर्वी क्लब त्यांस पाठवीत. आता काउंटीच्या संघात बहुधा मॅनेजरच आपल्या विश्वासाची माणसे पुढे करतो.

वाचकहो, येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. पूर्वीच्या निवडकर्त्यास एक मोह होता: आपल्या क्लबाचा वकील होण्याचा. आताच्या निवडकर्त्यास दुसरा आहे: मॅनेजरचा प्रतिध्वनी होण्याचा. ज्याने आपणांस बोलाविले, त्यास 'नाही' म्हणणे अवघड जाते. आणि जेथे तिघे एकच बोलतात, तेथे दोघे अधिक आहेत असे आम्हांस वाटते.

एका निवडीने काय घडते व काय बिघडते, याची दोन उदाहरणे देतो. १९८२ च्या अंतिम सामन्यात केरीचा संघ ओळीने पाचव्या विजेतेपदासाठी उतरला होता. सामना संपत आला असता ऑफली दोन गुणांनी मागे होते. त्यांनी उत्तरार्धात उतरविलेल्या शेमस डार्बी या बदली खेळाडूने गोल मारला आणि ऑफलीचा संघ एका गुणाने जिंकला. बाकावरच्या माणसाचे मोल त्या दिवशी साऱ्या देशास कळले.

याच्या उलट २०१६ ची गोष्ट. १९५१ नंतर विजेतेपदास मुकलेल्या मेयो काउंटीने डब्लिनशी अंतिम सामना बरोबरीत सोडविला. १ ऑक्टोबर रोजी तो पुन्हा खेळला गेला, तेव्हा स्टीफन रॉचफर्ड हे मॅनेजर असलेल्या मेयोने आपला गोलरक्षक बदलला. नव्या गोलरक्षकाच्या हातून एक चेंडू निसटला, त्यातून त्याच्याकडून नियमभंग झाला, त्यास मैदान सोडावे लागले आणि डब्लिनला पेनल्टी मिळाली. मेयो एका गुणाने हरले. बदलामागे विचार नव्हता असे नाही. पहिल्या सामन्यात गोलरक्षकाने मारलेल्या चेंडूंवर डब्लिनने जो दाब आणला होता, त्यास तोडगा हवा होता. मात्र हरल्यावर साऱ्या देशाचे बोट रेषेबाहेर उभ्या असलेल्या एकाच माणसाकडे वळले. विजय सर्वांचा व पराजय एकाचा, हा आजच्या मॅनेजरचा नित्याचा वाटा आहे. ज्याच्या माथी एवढे येणार, त्यास आधी खरे सांगणारा कोणी जवळ असावा, एवढा तरी त्याचा हक्क नव्हे काय?

आता पत्राकडे वळतो. पुष्कळ क्लबांत असा संकेत पाळला जातो की, निवडकर्त्याच्या स्वतःच्या मुलाचा विषय निघाला की त्याने बोलू नये; इतरांनी ठरवावे. संकेत चांगला आहे. आमच्या स्नेह्यांनीही त्याचाच आधार घेतला होता. परंतु आम्ही त्यांस लिहिले: हा संकेत कशासाठी आहे ते पाहा. बापाच्या शब्दाने मुलाचा अयोग्य लाभ होऊ नये, यासाठी तो आहे. जेव्हा बोलण्याने मुलाचा लाभ होतो, तेव्हा मौन हा धर्म. पण जेव्हा मौनानेच मुलाचा लाभ होतो, तेव्हा ते मौन म्हणजे बोलणेच झाले. मॅनेजर तुमचे शेजारी आहेत. त्यांनी तुमच्या मुलाचे नाव घातले ते त्याच्या खेळाकडे पाहून, की तुमच्याकडे पाहून, हे त्यांस स्वतःसही कदाचित ठाऊक नसेल. सराव बुडविणाऱ्यास वगळावे हा त्यांचा नियम योग्य असू शकेल. पण आळसाने बुडविणारा आणि गाईंसाठी बुडविणारा यांत भेद आहे, हे त्यांच्या कानी घालणारे तुम्हीच. तेवढे सांगा. मग ते जे ठरवितील ते मान्य करा, आणि खोलीबाहेर पडल्यावर ते तुमचेही ठरविणे समजा.

हे आम्ही निर्दोष माणसाच्या अधिकाराने लिहिले असे मात्र कोणी समजू नये. सेमिनरीत शिकत असताना एका सामन्यासाठी संघ ठरविणाऱ्या तिघांत आम्ही होतो. गोलरक्षक म्हणून कोण योग्य हे आम्हांस ठाऊक होते. परंतु संघनायकाची मर्जी दुसऱ्यावर होती, आणि संघातील आमची स्वतःची जागा त्याच मर्जीवर उभी होती. आम्ही बोललो नाही. सामना आम्ही जिंकलो, आणि म्हणूनच ती चूक कोणास दिसली नाही. बाहेर बसलेल्या त्या सोबत्याने सामन्यानंतर आमच्यासाठी पाण्याची कळशी भरून आणली. ते पाणी पिताना काय वाटले, ते आजही स्मरते.

महिन्याभराने त्या गृहस्थांचे दुसरे पत्र आले. ते बोलले होते. शिक्षकांनी आधी विरोध केला: सरावाचा नियम एकासाठी मोडला तर उद्या सर्वच मोडतील. मॅनेजर बराच वेळ गप्प राहिले. शेवटी त्यांनी गाईवाल्या मुलास पंधरांत घेतले आणि त्याच्यासाठी शनिवारी सकाळी वेगळा सराव ठेवला. आमच्या स्नेह्यांचा मुलगा बाकावर बसला. सामन्यात त्याची पाळी आली ती शेवटची दहा मिनिटे.

घरी परतताना मोटारीत मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "पप्पा, मला कोणी काढलं?"

बापास दोन उत्तरे सुचली. मॅनेजरने, असे म्हटले असते तर मुलगा त्याच्या मांडीवर डोके ठेवून रडला असता. मीच, असे म्हटले असते तर आपल्या न्यायीपणाचा डांगोरा पिटल्यासारखे झाले असते. त्यांनी उत्तर दिले, "आम्ही तिघांनी."

खरी हकिगत त्या मुलास पुढे वर्षभराने मॅनेजरांच्याच तोंडून कळली. त्यावर तो काय म्हणाला, हे बापाने आम्हांस कळविले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एवढेच लिहिले होते की, पुढच्या उन्हाळ्यापासून तो सायकलवरून त्या शेतावर जातो, संध्याकाळच्या धारा लवकर आटोपाव्यात म्हणून, आणि मग दोघे मिळून सरावास येतात.

वाचकहो, रेषेबाहेरचे असे दोघे-तिघे आपल्याही घरी असतात. कोणत्या मुलास पुढे शिकवावे, कोणास शेतावर ठेवावे, मुलीचे कोठे द्यावे, सणाच्या समितीत कोणास घ्यावे, हे ठरविताना घरातील कर्त्याजवळ कोणी बसलेले असते: पत्नी, भाऊ, म्हातारी आई. कर्त्याने त्यांस विचारावे. आणि ज्यास विचारले जाते, त्याने खोलीत मन मोकळे करावे व अंगणात आल्यावर 'मी तर आधीच सांगत होतो' हे वाक्य गिळून टाकावे. हे वाक्य गिळणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. पण आमच्या त्या स्नेह्यांस ते मोटारीत, आपल्या रडवेल्या मुलाशेजारी बसून, साधले, आपणांसही साधेल.

आपला,
धर्मगुरू