वाघिणीच्या दुधाची भुकटी

फेब्रुवारी-मार्चचा सुमार आला की आपल्या महाराष्ट्रात एक चमत्कार घडतो. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत १४-१५ लाख मुले बारावीच्या परीक्षेला बसतात. त्यांची घरे निराळी, बोली निराळ्या, पोटापाण्याचे धंदे निराळे. पण इंग्रजीच्या पेपरात लेखनाचा प्रश्न आला की त्यांतली किती तरी मुले एकाच तोंडाने बोलू लागतात. सर्वांच्या गावाबाहेरून एकच नदी झुळझुळ वाहू लागते. ज्या तालुक्यात होळीपूर्वीच टँकर सुरू झालेला असतो, तेथल्या मुलांच्या गावाबाहेरूनसुद्धा! सर्वांचे आजोबा आरामखुर्चीत बसून नीतिकथा सांगतात. सर्वांना वाचनाचा छंद असतो, आणि सर्वांनाच सूर्योदय पाहून उचंबळून येते. उत्तरपत्रिका तपासणारे माझे एक स्नेही म्हणतात, "पहिली ओळ वाचली की मुलगा कोणत्या गावचा ते कळत नाही, पण गाईड कोणत्या कंपनीचे ते मात्र कळते."

या चमत्काराला आपण 'इंग्रजी निबंधाची तयारी' असे भारदस्त नाव दिले आहे. माझे म्हणणे असे की ही तयारी नव्हे. मुलाला पद्धतशीरपणे मुके करण्याची ही योजना आहे. आणि तिचे खापर मुलांच्या डोक्यावर फोडण्याचा अधिकार शिक्षकांना नाही, परीक्षकांना नाही आणि पालकांना तर मुळीच नाही.

आधी ही परीक्षा म्हणजे काय ते पाहू. प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. २०२० साली बारावीचे नवे इंग्रजी पुस्तक आले, त्यावर आधारलेल्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत लेखनाच्या वाट्याला १६ गुण आले: ४-४ गुणांचे चार तुकडे. भाषण, मुलाखत, अहवाल, आवाहन, परीक्षण, कल्पनाविस्तार असे नाना प्रकार त्यांत बसवले. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? पाठ करून ओकलेला लांबलचक निबंध जावा आणि व्यवहारात उपयोगी पडेल असे लेखन यावे, हाच तो हेतू. पण गाईडवाले शासनापेक्षा नेहमीच चपळ असतात. पूर्वी मुलाला निबंध पाठ करावे लागत; आता भाषणाचा साचा, मुलाखतीचा साचा, आवाहनाचा साचा असे साचे पाठ करावे लागतात. दुकान तेच राहिले, फक्त पाटी बदलली.

मागे शाळेतून गेलेला माझा एक विद्यार्थी बारावीची तयारी दाखवायला आला होता. मुलाखतीचे दहा प्रश्न त्याला तोंडपाठ होते. मुलाखत क्रिकेटपटूची असो, डॉक्टरची असो की कीर्तनकाराची असो, 'आपल्या यशाचे रहस्य काय?' येथून गाडी सुटायची ती 'तरुणांना काय संदेश द्याल?' या स्थानकावर थांबायची. मी विचारले, "आणि स्मशानातल्या रखवालदाराची मुलाखत आली तर?" तो क्षणभर गोंधळला आणि मग निश्चिंत होऊन म्हणाला, "सर, ती अपेक्षितमध्ये नाही."

त्याला हसू नका. परीक्षा म्हणजे अपेक्षित तेवढेच बोलणे, हा धडा आपणच त्याला दिलेला आहे आणि त्याने तो उत्तम आत्मसात केला आहे.

'शेतकऱ्याचे आत्मवृत्त' हा शालेय निबंधातला सर्वांत जुना आणि सर्वांत झिजलेला विषय. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तो इंग्रजीत लिहून आणला. तो गरीब शेतकरी कोंबडा आरवताच उठत होता, दोन बैल घेऊन नांगरायला जात होता, दुपारी झाडाखाली भाकरी खाऊन बासरी वाजवत होता आणि शेवटी देशाचा 'बॅकबोन' ठरून समाधान पावत होता. या मुलाचा बाप शेतकरीच. घरी बैल नाहीत; नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. बाप कोंबड्याच्या आरवण्याने उठत नाही, कारण पुष्कळदा तो झोपलेलाच नसतो. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते, ती रात्रीच्या पाळीत आली की हातात बॅटरी आणि मनात बिबट्याची भीती घेऊन त्याला उसाला पाणी द्यायला जावे लागते. हा मुलगाही कधी कधी सोबतीला जातो. एवढा जिवंत मजकूर ज्याच्या डोळ्यांपुढून रोज जातो, त्याने बासरी वाजवणारा शेतकरी कागदावर का उतरवावा? मी त्याला विचारले, तर उत्तर मिळाले, "त्याचे इंग्रजी येत नाही, सर."

मी त्याला शेतावरची रात्र मराठीत सांगायला लावली आणि त्याच्या तोंडून येतील ते इंग्रजी शब्द फळ्यावर लिहीत गेलो: मोटर, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, पाइप, ड्रिप, लाइट, बॅटरी, बँक, लोन, सबसिडी, मार्केट, रेट. तेरा शब्द! यांतला एकही त्याला कोणी शिकवला नव्हता आणि एकाचाही अर्थ त्याला विचारावा लागत नव्हता. उलट गाईडने दिलेल्या 'बॅकबोन'चा अर्थ विचारला तेव्हा त्याने खिडकीबाहेर पाहिले. मग त्याने चार वाक्ये लिहिली: 'माय फादर गोज टू फार्म ॲट नाइट. लाइट कम्स ॲट नाइट. आय होल्ड बॅटरी. वी आर अफ्रेड.' आर्टिकले गळली आहेत, हे मलाही दिसते. आपण ज्याला बॅटरी म्हणतो तिला इंग्रज टॉर्च म्हणतो, एवढे त्याला सांगावे लागेल. पण इतकी वर्षे इंग्रजी शिकून त्या मुलाने उच्चारलेली ही पहिली चार इंग्रजी वाक्ये होती. त्याआधी तो बोलत नव्हता. त्याच्या तोंडून गाईड बोलत होते.

आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत आहे, आणि ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून सांगितली जाते. पण शास्त्रीबुवांनी ते दूध कसे पचवले हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांनी जॉन्सन वाचला, मेकॉले वाचला, आणि १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली ती मराठीत. तिचे ८४ अंक निघाले आणि ते बहुतेक सगळे एकट्याने लिहिले. १८८२ साली वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच हा माणूस गेला. या अवधीत सरकारी शाळेतली मास्तरकी केली, ती सोडली, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. इंग्रज निबंधकाराकडून त्याने काय घेतले? वाक्ये घेतली नाहीत; स्वतःचे मत स्वतःच्या नावावर ठणकावून मांडण्याची हिंमत घेतली. त्याच्या सगळ्या मतांशी आज कोणी सहमत होणार नाही. मीही होत नाही. पण ती मते त्याची होती. निबंध नावाची वस्तू ज्या प्रांतात अशी जन्मली, त्याच प्रांतात दीडशे वर्षांनी निबंध म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले चुका न करता उतरवणे, असा अर्थ रूढ व्हावा? वाघिणीचे दूध राहिले बाजूला. त्याची भुकटी करून डब्यात भरून आपण विकत आहो, आणि त्या डब्यात दूध किती आणि पीठ किती याची चौकशी करणाराही कोणी उरलेला नाही.

सर्वांत मोठा विनोद पुढेच आहे. मुलांच्या हाती दिलेल्या बारावीच्या त्या पुस्तकातच या रोगाचे औषध छापलेले आहे. त्यात ए. जी. गार्डिनर या इंग्रज निबंधकाराचा 'प्लीज' या शब्दावरचा निबंध आहे. त्याची सुरुवात कशाने होते? लंडनमधल्या एका लिफ्टमनने 'प्लीज' न म्हणणाऱ्या माणसाला लिफ्टबाहेर ढकलून दिले, या फुटकळ गोष्टीने. एवढ्याशा भांडणावरून लेखक माणसामाणसांतल्या वागणुकीपर्यंत जातो. निबंध म्हणतात तो हा! एस.टी.च्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून झालेल्या हुज्जतीवर आमचे मूल असेच लिहू शकेल, हे त्याला कोणी सांगते का? नाही. त्याला सांगतात ते एवढेच, की या धड्यावर अमुक प्रश्न हमखास येतो, त्याचे उत्तर पाठ कर.

त्याच पुस्तकात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या १९५९ सालच्या पुस्तकातला भाग आहे. ब्रेथवेट ब्रिटिश गियानात जन्मलेले, काळ्या वर्णाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीत त्यांनी शिक्षकी केली. त्यांच्या गोष्टीतल्या शाळेत एक रिवाज आहे: दर आठवड्याला प्रत्येक मुलाने शाळेतल्या आपल्या आठवड्याचा आढावा स्वतःच्या शब्दांत लिहायचा. त्यात कोणावरही, अगदी शिक्षकांवर आणि त्यांच्या शिकवण्यावरही टीका केली तरी चालेल. मुलांना लिहिता यावे आणि शिक्षकांना आपण कसे दिसतो ते कळावे, असा त्यात दुहेरी लाभ. आता आमच्या वर्गातले चित्र पाहा. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचे महत्त्व सांगणारा तो उतारा, आणि त्यावरचे उत्तर दुसऱ्याच्या शब्दांत पाठ करणारी मुले! एवढा उपरोध कादंबरीत घातला असता तर समीक्षक म्हणाले असते की लेखकाने अतिशयोक्ती केली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. बापलोक मला म्हणतात, "गुरुजी, तुमचे निबंधाचे तत्त्वज्ञान राहू द्या. आमच्या पोराला पस्तीस मिळाले की पुढचे दार उघडते. घरात कोणाला इंग्रजी येत नाही. गाईड हीच त्याची काठी. ती का काढून घेता?" गरिबाच्या हातातली काठी हिसकावणारा मी कोण? परीक्षा तीन महिन्यांवर आली असताना मीही ती काढून घेणार नाही. पण २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीला बसणारे मूल बारा वर्षे ही भाषा शिकलेले असते. ज्याचे पाय धड होते त्याच्या हाती पहिल्या वर्षी काठी दिली, बारा वर्षे तिच्याच आधाराने चालवले, आणि आता म्हणता की काठीवाचून तो पडेल! पडेलच. पाय वाळवले कोणी?

आणि काठी दाराशीच राहते, हे त्या बापाला कोणी सांगत नाही. गुणपत्रिकेवर सत्तर गुण मिळवलेला त्याचा मुलगा नोकरीसाठी चाकणला किंवा हिंजवडीला जातो. समोरचा माणूस कागद पुढे सरकवून म्हणतो, स्वतःविषयी दहा ओळी लिहा. स्वतःविषयी! बारा वर्षांत जो विषय एकदाही त्याला खरेपणाने लिहू दिला नाही, तोच नेमका पुढे येतो. ज्याच्या घरी जेवताना इंग्रजी कानांवर पडते त्याचे गाईडवाचून अडत नाही. ज्याला इंग्रजी फक्त शाळेतच मिळणार, त्यालाच शाळेने पाठांतर देऊन वाटेला लावले. म्हणजे गाईड ही गरिबाची काठी नसून गरिबाचीच फसवणूक आहे, आणि त्यातली क्रूर गोष्ट ही की गुणपत्रिका ती फसवणूक झाकून ठेवते.

शिवाय आता काळ बदलला आहे. हातातल्या मोबाइलला विषय सांगितला की तो क्षणार्धात बिनचूक निबंध लिहून देतो. साच्यातले इंग्रजी हवे असेल तर यंत्र ते कोणत्याही मुलापेक्षा चांगले लिहिते. मग हाडामांसाच्या मुलाला दुय्यम दर्जाचे यंत्र बनवण्यासाठी बारा वर्षे आणि क्लासची फी कशाला खर्चायची? उसाच्या सरीत बापाशेजारी बॅटरी धरून उभे राहिल्यावर काय वाटते, हे मात्र त्या मुलालाच ठाऊक आहे.

उपाय अवघड नाहीत. अवघड आहे ते आपले वळण मोडणे. ज्याला मराठीत स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही त्याला ते इंग्रजीत येणार नाही, म्हणून निबंध आधी मराठीत, तोही तोंडी, मग पाच साध्या इंग्रजी वाक्यांत. आठवड्याला एक पान, ज्यावर गुण नाहीत. तपासताना सगळे पान लाल करू नये. एका वेळी एकाच जातीची चूक दाखवावी, म्हणजे मूल लिहायला भीत नाही. आणि परीक्षेत विषय असे द्यावेत की जे छापूनच ठेवता येणार नाहीत: तुमच्या गावच्या बाजाराच्या दिवसाचा अहवाल लिहा, तुमच्या घरातल्या एखाद्या दुरुस्त केलेल्या वस्तूची हकिगत लिहा.

पण हे सगळे ज्याच्यावर अवलंबून आहे तो माणूस म्हणजे परीक्षक. त्याच्यापुढे दोन उत्तरे येतात. एक निर्दोष, गुळगुळीत आणि उसने; दुसरे अडखळणारे आणि खरे. आजवर पहिल्याला चारांपैकी साडेतीन आणि दुसऱ्याला दीड मिळत आला असेल, तर क्लासवाल्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक तेथे कोणी पाठवले? परीक्षकांनी एका वर्षी हा हिशेब उलटा करून पाहावा. पुढल्या वर्षी गाईडे आपोआप रद्दीत निघतील.

वाघिणीचे दूध आपल्या मुलांना पचते की नाही, हे ती ते प्याल्यावर ठरेल. तूर्त आपण त्यांना डब्यावरचे वाघिणीचे चित्र चाटायला लावत आहो. आणि वर तक्रार करतो आहो की पोरांच्या अंगी बळ येत नाही.