अडलेल्या वाणीचा प्रश्न

मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी “बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला,” असा दिलासा देतात. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु ज्या बालकास वाचेचा ॲप्रॅक्सिया आहे, त्याच्या बाबतीत हा दिलासा घातक होय. अशा मुलास काय बोलावयाचे ते ठाऊक असते. त्याची जीभ व ओठ दुबळे नसतात. मेंदूने हालचालींचा जो क्रम आखून द्यावयाचा, तोच बिनसतो. म्हणून आता ‘पाणी’ म्हणणारे मूल पुढच्या क्षणी ‘नापी’ म्हणते, आणि शाळा त्यास मंदबुद्धी समजून मोकळी होते.

यावर उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालील नित्य सरावाचा. अमेरिकेतील वाचोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 च्या अहवालात आठवड्यास तीन ते पाच वैयक्तिक सत्रांची शिफारस केली आहे. आपल्याकडे काहीच सोय नाही असे नव्हे. वांद्र्यास 1983 पासून वाक्-श्रवण दोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत असून पुढील उपचारांसाठी जिल्हा केंद्रांची योजना आहे. पण रोजंदारीवर जगणाऱ्या आईने मुलाला घेऊन आठवड्यातून तीनदा जिल्ह्याचे ठिकाण कसे गाठावे? खाजगी उपचारांचा खर्च तर शहरातील नोकरदारासही वर्षानुवर्षे झेपणारा नाही.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने वाचा व भाषा यांच्या दोषांस स्थान दिले, हे स्वागतार्हच आहे. मात्र तेथील व्याख्या ‘कायमच्या’ अपंगत्वाची असून, उदाहरणे स्वरयंत्र काढून टाकलेल्या व वाचाघात झालेल्या रुग्णांची आहेत. वेळीच उपचार झाल्यास जे मूल बोलू लागेल, ते कधीच सुधारणार नाही असे त्याच्या आईबापांनी सिद्ध करावयाचे काय?

सरकारने या व्याख्येत बालकांच्या उपचारसाध्य वाणीदोषास निःसंदिग्ध जागा द्यावी, तालुक्याच्या रुग्णालयात वाचोपचारतज्ज्ञ नेमावेत, आणि कामाचा हिशेब तपासलेल्या मुलांच्या आकड्यांनी नव्हे, तर प्रत्यक्ष दिलेल्या सत्रांनी मांडावा, असे आम्हांस आग्रहाने सुचवावयाचे आहे. शिबिरे भरवून मुले बोलू लागत नाहीत. फायली वर्षभर थांबू शकतात; बालपण थांबत नाही.