दिवा लागला की भाग बदला!

काकांच्या टॅक्सीतला बॅटरीचा लाल दिवा खड्ड्यात पेटे, सपाटीला विझे. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर. कर्जाचा हप्ता चुकला, दिवा तसाच! वास्तविक तो दिवा चार्जिंग होत नसल्याचा. तेरीज जुळली नाही म्हणून आम्ही कॉमर्सवाले वही फेकून नवी आणतो काय?

अखेर एका वृद्ध मेस्त्रींनी ‘स्वल्प ताळ्री’ म्हणत मीटर लावला. इंजिन चालू असता १४ व्होल्ट. इंजिनची अर्थची वायर हलवताच १२! टोक गंजलेले. घासून आवळले, दिवा गेला.

माझ्या मते दोष एकट्या गॅरेजचा नाही. भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो, तपासण्याचे देत नाही. मेस्त्रींच्या अर्ध्या तासाच्या मजुरीवर काकांनी घासाघीस केलीच. मीही शेजारी गप्प उभा होतो.